लेकराची तालीम

चामोर्शीच्या आठवडी बाजारात माझ्या बांगड्यांच्या दुकानाशेजारी एक बाई बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, विकायला बसायची. दिवस भरत आलेले. एकदा तिचं पोट दगडासारखं कडक झालं. आम्ही बायका घाबरून दवाखान्याची गाडी बोलवायला उठलो. ती मात्र पाणी प्यायली, बाजारात एक फेरी मारून आली आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, “सैल पडलं. लेकरू तालीम करून राह्यलं, बाई.”

पुढच्या बाजारी पुन्हा तसंच झालं. ती फेरी मारून आली, पण बसली नाही.

“चालूनबी थांबत नाई, वाढूनच राह्यलं. आता बोलाव गाडी.”

कोणाचाही हात न धरता ती गाडीत चढली.

गिऱ्हाइकं विचारत होती, “वास्तेवाली कुठी गेली?”

मी मान ताठ करून सांगत होते, “लेकरू आणाले.”