साडेतीन हातांचा तडा

मिस्त्रीला सगळे ‘आरसा’ म्हणत. त्याने घोटलेल्या चुन्याच्या भिंतीत बघून भांग पाडता येतो, असा गवंड्यांमधला विनोद होता, आणि तो फारसा खोटा नव्हता. गुळगुळीत दगडाने ओला गिलावा घोटत बसायचं हे काम आधी बापाचं, मग त्याचं. पुढे कोणाचं नाही, कारण मुलगी चष्म्याच्या दुकानात लागली, आणि ते बरंच झालं.

एका जुन्या व्यापाऱ्याची हवेली आता प्रवाशांना मुक्कामासाठी उघडली होती. व्यवस्थापकाने मिस्त्रीला न्हाणीघरांच्या कामाला बोलावलं. काम चोख झालं तर वरच्या दहा खोल्यांच्या भिंती त्यालाच मिळणार होत्या. त्या पन्नास वर्षांपूर्वी बापाने घोटलेल्या. मिस्त्रीचे गुडघे आता कुरकुरत होते. तेवढ्या दहा खोल्या नीट केल्या की हत्यारं धुऊन ठेवायची, असं त्याने बायकोला सांगूनही टाकलं होतं.

दिवाणखान्याची भिंतही बापानेच घोटलेली, पण तिला साडेतीन हातांचा तडा. आपल्या बापाचा सदरा भर बाजारात फाटलेला दिसावा, तशी त्याला लाज वाटली. व्यवस्थापक पंधरा दिवस बाहेरगावी होता. रोज डबा खाऊन झाला की मिस्त्री तिथे जाऊन बसे. तडा खरवडला, भरला, घोटला. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे देणार नव्हतं. शेवटी सांधा कुठे होता ते त्याचं त्यालाच सापडेना, तेव्हा तो निवांत पाणी प्याला.

व्यवस्थापक परतला आणि भिंतीपुढे आ वासून उभा राहिला. तड्याचा फोटो जाहिरातीवर होता. दोनशे वर्षांचा तडा म्हणून पाहुणे त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढत. मिस्त्रीने सांगून पाहिलं, की दोन वर्षांपूर्वी नळवाल्याने पलीकडून पाइप ठोकला तेव्हाचा आहे तो. पण ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

“मिस्त्री, होता तसा तडा परवापर्यंत पाडून द्या,” व्यवस्थापक म्हणाला. “नाहीतर वरच्या खोल्या दुसऱ्याला देतो.”

मिस्त्री छिन्नी घेऊन दोनदा भिंतीपुढे बसला. हात काही उचलेना. घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं.

“अहो, त्यांना तडा हवाय की तड्याचा फोटो?” एवढंच तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पाण्यात काजळी कालवली, बारीक कुंचला घेतला आणि जाहिरात समोर ठेवून तडा रंगवला. केसाएवढे फाटे, कडेची सावली, काही सोडलं नाही. मग व्यवस्थापकाला बजावलं, भिंत नाजूक आहे, पुढे दोरी बांधा, कोणाला हात लावू देऊ नका. व्यवस्थापक खूश. वरच्या खोल्या मिळाल्या, अट एकच: तिथलेही तडे जसेच्या तसे राहिले पाहिजेत.

वर्षभर मिस्त्री एकेक तडा बुजवायचा आणि तो वाळला की त्यावरच पुन्हा काढायचा. बापाची एकही भिंत त्याने फुटकी ठेवली नाही. हे कोणालाच दिसणार नाही, याचं त्याला वाईट वाटे. शेवटच्या दिवशी हत्यारं धुऊन झाल्यावर त्याने मुलीला दिवाणखान्यात नेलं. दोरीपाशी पाहुणे फोटो काढत होते.

“हे फोटो काढणं कधी बंद पडलं ना,” तो हळूच तिला म्हणाला, “तर एक ओलं फडकं घेऊन ये. आजोबांची भिंत दिसेल.”