धिरड्याची अट

नोकरीत पगार पुरत न्हाई, पण किस्से मात्र लय जमा होतात. आमच्या स्टाफरूमचे निम्मे तर एकाच डब्यातून निघालेत. पिंगळीच्या आमच्या शाळेत प्रज्ञा मॅडम विज्ञान शिकवतात. दर सोमवारी त्यांच्या डब्यात बेसनाची धिरडी असतात, रविवारी संध्याकाळी त्यांच्या बाबांनी केलेली. आई नर्स, ड्यूटीचा भरवसा नसायचा, म्हणून त्या घरात तवा बाबांचाच.

*

धिरडं कसं खावं यावर आमच्यात दर सोमवारी भांडण. गरम असेल तर तव्यावरून थेट ताटात, वर ठेचा आणि कच्चं तेल. शिळं असेल तर दह्यासोबत, आणि कांदा दोन्हीला पाहिजेच. एवढं मी पोटतिडकीनं सांगायलेय आणि आमचे गणिताचे कुलकर्णी सर शांतपणे धिरड्यावर साखर भुरभुरायलेत. मी डबाच ओढून घेतला. म्हटलं, "सर, हे शिकरण न्हाई!"

*

आता मूळ गोष्ट. प्रज्ञाला स्थळं यायची, आणि तिची एकच अट. मुलानं तिच्या घरी एक धिरडं टाकून उलटून दाखवायचं.

हे ऐकून मी घरी नवऱ्याची परीक्षा घेतली. बेसन घट्ट झालं म्हणून पाणी, पातळ झालं म्हणून बेसन, असं करत शेवटी पातेलं बदलावं लागलं. मी म्हटलं, लग्नाआधीच विचारायला पाहिजे होतं. तर म्हणतात, "तेव्हा विचारलं असतंस तर मी अजून बिनलग्नाचा असतो."

*

आलेल्या मुलांची नावं प्रज्ञाच्या तोंडात कधीच नसायची. 'तो लातूरवाला' म्हणाला, त्यापेक्षा आपण स्वयंपाकाला बाई लावू. 'तो जालन्याचा' मोबाईलवर व्हिडिओ लावून तव्यापुढं उभा राहिला. मधेच जाहिरात आली, ती संपेपर्यंत धिरड्याचा कोळसा!

एकाची आईच पुढं झाली आणि झक्कास उलटून दिलं. प्रज्ञाचे बाबा हात जोडून म्हणाले, "ताई, तुमचं लय भारी जमलं. पण लग्न तुमचं न्हाई ना."

*

हसायचो आमी, पण वर्षं चालली होती. नातेवाईक बाबांनाच बोल लावायचे, पोरीला तुमीच डोक्यावर बसवलं म्हणून. एका शनिवारी शाळा सुटल्यावर प्रज्ञा माझ्यापाशी येऊन बसली. उद्या राणीसावरगावचं स्थळ येणार होतं.

"ताई, या वेळी अट सोडून देऊ का? बाबा थकलेत."

मी म्हटलं, बाबा थकले असतील तर तवा धरायला माणूस चांगलाच बघ. रविवारी मला काही सुधरलं न्हाई. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

सोमवारी मधल्या सुट्टीत तिनं डबा उघडला. आत सगळे तुकडे. काही जाड, काही जाळीदार, एकही धिरडं धड न्हाई. कुलकर्णी सरांना राहवलं न्हाई.

"मॅडम, बाबांची तब्येत बरी हाय ना? आज धिरडी अशी का तुटली?"

प्रज्ञानं ठेच्याची डबी मधे सरकवली. एक तुकडा उचलून त्याला ठेचा लावला.

"बाबांनी न्हाई केली, सर. ह्यांचा हात बसायचाय अजून."