मेंढरांच्या मागं

देवाला मी मानत नव्हते असं नाही, पण त्याच्या भरवशावर कधी राहिले नाही. माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत, त्यामुळे घरात सगळं वेळच्या वेळी. देवासमोर हात जोडायचे तेही काम सांगून मोकळं व्हायचं. परीक्षेत पास कर, आईचा ताप उतरव, स्थळ चांगलं दे. झालं तर नारळ, नाही झालं तर आपलं नशीब. लग्न होऊन कारेगावात आले तरी माझी रीत तीच राहिली. तेव्हा पुढं जे लिहिते आहे ते कुणाला पटवून द्यायला नाही. जसं घडलं तसं सांगते, अर्थ ज्याचा त्यानं लावावा.

माझे सासरे, आबा, जन्मभर मेंढरांबरोबर हिंडले. चार महिने घर आणि आठ महिने रान. आमच्या ह्यांना कंपनीत नोकरी लागली, कारेगावात घर झालं, सासूबाई गेल्या आणि आबांचे गुडघेही गेले. शेवटी मेंढरं विकली. त्यानंतरच्या वर्षात आबा विसरायला लागले. आधी साधंसुधं, चहा घेतला की नाही वगैरे. मग दिवस कलला की खांद्यावर घोंगडी टाकून, काठी घेऊन दारात उभे राहायला लागले. "मेंढरं कुटं गेली?" हे सांगायचे, "आबा, इकली की. इसरलासा व्हय?" रोज तेच. आणि रोज आबांना ती बातमी पहिल्यांदाच कळायची. त्यांचा चेहरा असा पडायचा की माझ्या हातातलं काम थांबायचं. शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, वयाचं आहे, औषध नाही, त्यांना आनंदात ठेवा. ठेवा म्हणायला काय जातं!

मी माझ्या रीतीनं भुलेश्वराला बोलले, आबांना पहिल्यासारखं कर, पायी येते. ह्यांचं मूळ गाव यवतजवळ, भुलेश्वराच्याच डोंगराच्या पायथ्याला. देवळापर्यंत गाडीरस्ता कधीच झालेला, पण ह्यांच्या घरचे लोक श्रावणात एका सोमवारी जुन्या मेंढवाटेनंच वर जातात. दर्शन आणि सहल आमच्यात वेगळी नसते. पिशवीत बेल आणि फुलं, त्यांच्याच बाजूला भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. त्या वर्षी कारेगावहून शिक्रापूर, तिथून चौफुला, मग यवत, अशा गाड्या बदलत पोचेपर्यंत आमच्या पोरीनं निम्म्या भाकरी संपवल्या होत्या. ती तेव्हा तिसरीत होती. आबांना न्यावं की नको यावर घरात चार दिवस खल झाला. जुनी वाट पाहून त्यांना काही आठवेल, असं शेवटी मीच म्हणाले.

आठवलंही. घरी मोरीपर्यंत जाताना भिंत धरणारा माणूस, डोंगराला पाय लागताच काठी टेकत सरसर चालायला लागला. कुठं झरा आहे, कुठल्या दगडाखाली साप असतो, कुठं एकदा रात्रभर पावसात मेंढरं कवटाळून बसले होते, सगळं नातीला सांगत होते. पोर चिखलातून घसरत होती, तेरडा तोडत होती, आणि आबा मागं वळून हसत होते. मला इतकं बरं वाटलं की देवाला नारळ एक द्यावा की दोन, असा विचार मी करायला लागले होते.

यात आमची चूक झाली ती अशी. धनगरात मेंढका, म्हणजे कळप राखणारा, पुढं चालतो, त्याच्या पुढं कुणी जात नाही, आणि तो कुठं निघाला असं कुणी विचारत नाही. ही शिस्त ह्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेली. म्हणून आबा पुढं, आम्ही मागं. अर्ध्या वाटेवर धुकं उतरलं, बारीक पाऊस सुरू झाला. मी पोरीचं डोकं पदरानं झाकायला थांबले, हे पिशवी झाकत होते. मान वर केली तर वाटेवर आबा नव्हते. दुसऱ्या कुठल्या घरात म्हाताऱ्या माणसाचा हात धरून चालले असते. आम्ही त्यांना पुढं सोडलं होतं.

हाका मारत आम्ही डावीकडच्या सोंडेवर गेलो. धुकं जरा विरळ झालं तेव्हा दिसले. डोंगराच्या टोकाला एक सपाट खडक होता, त्याच्यावर आमच्याकडं तोंड करून उभे होते. त्यांच्या मागं काही हातांवर खडक संपत होता आणि खाली एकदम ओढा. हे ओरडले, "आबा, इकडं या, इकडं!" आबांनी दोन्ही हात पसरले, जणू काही अडवत होते. म्हणाले, "आरं वरडू नगंस, बुजत्याल समदी. मागची ऱ्हायल्यात आजून." आणि मागची गोळा करायला एक पाऊल मागं सरकले.

ह्यांनी नेहमीचंच सांगून पाहिलं. आबा, मेंढरं इकली, इथं काय न्हाई, बघा नीट. आबा ऐकायचे, त्यांचा चेहरा पडायचा, मग पायाखालच्या दगडाकडं बघायचे आणि पुन्हा म्हणायचे, "ही बघ की, हितं तर हायती." आणि पुन्हा मागं. मी कडेकडेनं जवळ जायला लागले तर त्यांनी माझ्यावर काठी उगारली. आमच्या प्रत्येक हाकेला ते कड्याच्या जवळ जात होते. ह्यांच्या खिशातल्या नव्या मोबाइलला तिथं रेंज नव्हती, आणि असती तरी बोलवायचं कुणाला? पोर माझ्या साडीला धरून रडत होती. तेव्हा मी देवाला म्हणाले, पहिल्यासारखं नको करूस, काही नको करूस, मला काही समजत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच देवाला मी काही काम सांगितलं नाही. सांगायला काही उरलंच नव्हतं.

तेवढ्यात खालच्या झाडोऱ्यातून एक माणूस वर आला. पन्नाशीचा, डोक्यावर जाळीची टोपी, अंगावर पोत्याची खोळ. यवतचे बागवान होते, उतारावरची सीताफळं झाडावरच बघून सौदा ठरवायला आलेले. आमचा आरडाओरडा ऐकून वर चढले होते. त्यांनी आम्हाला एकच विचारलं, "काय झालं?" हे कसंबसं म्हणाले, "वडील हायत. त्यांना मेंढरं दिसत्यात." त्या माणसानं मान हलवली. डोंगराच्या टोकाशी कुणाला मेंढरं दिसतात यात त्याला काही विशेष वाटलं नसावं. तो दोन पावलं पुढं होऊन थांबला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मामा, मी काय करू?"

आबांना हे किती दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. आम्ही सगळे त्यांना काय खरं आहे ते सांगत होतो. आबांनी त्याला वरपासून खालपर्यंत निरखलं. मग म्हणाले, "मागं जा. कोकरं ऱ्हायल्यात मागं. लांडगा मागूनच उचलतो." तेव्हा कुठं ह्यांच्या ध्यानात आलं. मागं माणूस उभा राहिल्याशिवाय मेंढका पाऊल पुढं टाकत नाही. आम्ही सगळे पुढूनच बोलवत होतो, आणि मागं कुणीच नव्हतं म्हणून म्हातारा स्वतःच मागं जात होता.

बागवान खडकावर चढले. आबांच्या बाजूनं गेले, तर आबांनी काठी उगारली नाही, उलट सरकून जागा दिली. ते थेट कड्याशी जाऊन उभे राहिले, पाठ ओढ्याकडं आणि तोंड आबांकडं. ओल्या खडकावर, पायात साध्या चपला. मला त्यांच्याकडं बघवेना. ते म्हणाले, "हाय मामा मी मागं. चला तुम्ही." आबांनी एकदा मान वळवून खात्री केली, तोंडानं मेंढरं हाकायचा आवाज काढला आणि आमच्याकडं चालायला लागले. जवळ आले तेव्हा म्हणाले, "वाट सोडा की." आम्ही बाजूला झालो. माझा नवरा, कंपनीत मशीनवर काम करणारा माणूस, पोरीला कडेवर घेऊन पायवाटेच्या कडेला उभा राहिला आणि नसलेल्या मेंढरांना वाट दिली. त्याचे डोळे भरले होते. सगळ्यात शेवटी बागवान उतरले. पायथ्याशी येईपर्यंत ते तसेच मागं चालले, मधूनमधून जिभेनं टकटक करत, जणू एखादं कोकरू रेंगाळतं आहे. आबा पुढं निवांत होते. त्या दिवशी आम्ही देवळापर्यंत पोचलोच नाही. ओल्या पिशवीतला बेल ह्यांनी खालूनच डोंगराच्या दिशेनं वाहिला.

मी बागवानांचे पाय धरायला गेले तर ते मागं सरले आणि म्हणाले, "ताई, वडिलांचं कपडं बदला आदी, गारठल्यात." एवढं बोलून आपल्या झाडांकडं गेले. नात्यातले लोक म्हणतात, देवच आला. मी वाद घालत नाही. पण पुढच्या वर्षी तेच यवतच्या बाजारात सीताफळाच्या पाट्यांमागं बसलेले दिसले. चहा पाजला, आबांची चौकशी केली आणि भावात मात्र काहीही सोडलं नाही. देव आला असेल तर तो असाच येत असावा, इतकंच मला म्हणता येतं.

आबा पहिल्यासारखे झाले नाहीत. माझा नवस तसा फळला नाही. पण घरी संध्याकाळी ते दारात उभे राहिले की आम्ही त्यांना मेंढरं विकल्याचं सांगायचं सोडून दिलं. मी हातातलं पीठ झटकून जायची आणि विचारायची, "आबा, मी काय करू?" ते सांगायचे. कधी दारात थांब म्हणायचे, कधी पाणी बघून ये, कधी लंगडी मागं पडली, तिला घे. मी करायची. शेजारणी हसायच्या, हसोत बापड्या. घटकाभरात आबा समाधानानं आत येऊन जेवायला बसायचे. पोर तर मोठ्या आवडीनं मागं चालायची.

असं दोन-तीन वर्षं चाललं. मग ते अंथरुणाला खिळले, बोलणं जवळजवळ बंद झालं. एका सकाळी त्यांचा हात गोधडीवर काहीतरी चाचपडत होता. मी जवळ गेले आणि सवयीनं विचारलं, "आबा, मी काय करू?" चाचपडणारा हात थांबला आणि ते म्हणाले, "आता काय न्हाई. समदी आली. बस तू." मी बसले. दुपारच्या आत ते गेले. त्यांचा चेहरा पडलेला नव्हता.

अजूनही श्रावणात आम्ही त्या वाटेनं भुलेश्वरला जातो. गाभाऱ्यात उभी राहिले की पूर्वी माझ्याकडं सांगायची कामं तयार असायची. आता मी फक्त विचारते, मी काय करू? मग थोडा वेळ तिथंच बसते.