चाचांच्या विहिरीवरचा चहा

पिंपळगाव रेणुकाईजवळ आमच्या शेतात मी पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत. शहरातले लोक येतात आणि पहिलं विचारतात, "इथं फिरायला काय आहे?" मी देवीचं देऊळ सांगतो, टेकडीची पायवाट सांगतो. वर जोडून द्यायचो, "उतरताना चाचांच्या विहिरीवर थांबा, चहा मिळेल."

चाचा आमचे शेजारी. रानात आलेल्या माणसाला ते चहा पाजल्याशिवाय जाऊ देत नाहीत, हे मला लहानपणापासून ठाऊक. त्याच भरवशावर मी माणसं धाडत राहिलो. चाचांना एकदाही विचारलं नाही.

मागच्या महिन्यात पाहुण्यांना आणायला मी स्वतः विहिरीवर गेलो. चाची चुलीपाशी गुडघा धरून बसल्या होत्या. एक पाहुण्या बाई म्हणाल्या, "अजून एक कप, साखर कमी. मालक म्हणाले, हा चहा भाड्यातच धरलाय."

खोल्या भराव्यात म्हणून मीच तसं सांगितलं होतं.

"बिलकुल! बसा ना बाई," चाचा म्हणाले. मग माझ्याकडे वळले, "मला वाटलं, लोकं आपल्या मनानं येऊन राह्यले. तू धाडून राह्यला होय? मंग आज तू कोन, पाव्हना का मालक?"

चाची माझ्यासाठीही चहा ठेवायला उठल्या.

आता मी पाहुण्यांना दुसऱ्या वाटेनं उतरवतो. काल चाचांनी बांधावरून हाक मारली, "का रे, आपल्याकडं कुनीच येईना?"