हमीदचाचा एक वाक्य दोनदा वाचायचे

आमच्या घरासमोरच्या मोहल्ल्यात कोणी गेलं, की मशिदीच्या भोंग्यावरून सांगतात. आधी नाव, मग जनाजा कधी निघणार ते, आणि मग तेच सगळं पुन्हा एकदा. त्या सकाळी मी गॅसवर दूध ठेवून उभी होते आणि भोंग्यातून हमीदचाचांचं नाव आलं. पहिल्यांदा ऐकून वाटलं, दुसरे कोणी हमीद असतील. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ‘रिटायर कंट्रोलर’ हे शब्दही नीट कानावर पडले… दूध उतू गेलं. पडवीत माझी लेक सई उभी होती. कुठलीही घोषणा झाली, की ती पाठोपाठ शब्दन् शब्द म्हणते, मग ती नळाच्या पाण्याची असो नाहीतर भंगारवाल्याची. त्या दिवशी ती काहीच म्हणाली नाही.

सई स्वमग्न आहे. आता दहा वर्षांची झाली. सहा वर्षांची होती तेव्हा तिच्याकडे स्वतःचे असे शब्दच नव्हते, “जेवलीस का?” विचारलं, की “जेवलीस का?” हेच उत्तर यायचं. पनवेलला तिच्या थेरपीच्या बाई म्हणाल्या, रोज गोष्टी वाचून दाखवा, मोठ्याने. मी मनातून खूशच झाले, कारण मी कॉलेजात नाटकांची बक्षिसं मिळवलेली बाई. मी वाघाचा आवाज असा काढायचे, की शेजारची मांजर कुंपणावरून उडी टाकायची. सईही पळायची. दोन्ही कान गच्च धरून थेट कॉटखाली. मी आवाज बारीक केला, हातवारे सोडले, तरी पुस्तकाआडून माझा चेहरा दिसला, की ती निघाली. आपल्याच लेकीला आपला आवाज सोसत नाही, हे मला फार लागलं. एकदा तर पुस्तक माळ्यावर टाकून दिलं आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप काढून आणलं.

हमीदचाचा जन्मभर म्हसळ्याच्या स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्या लावायच्या, गाड्या सोडायच्या आणि माइकवरून पुकारायच्या. चाची वारलेल्या, मुलगा कुवेतला, त्यामुळे रिटायर झाल्यावर संध्याकाळ त्यांच्या अंगावर यायची. एके दिवशी ते पिशवीभर तिसऱ्या, खाडीतल्या शिंपल्या, घेऊन आले. त्या धुवायला आत जाता जाता मी सहज म्हटलं, “चाचा, तेवढं ते खेकड्याच्या गोष्टीचं पुस्तक वाचता का मोठ्याने? फक्त तिच्याकडे बघू नका.”

“मना वाघबिघ काढता येत न्हाय, बेटी. हाय तसा वाचतो.”

त्यांनी पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर बोटाने दोनदा टक टक केलं, माइक चालू आहे का बघावं तसं. मग एकदा पुस्तकात बघून नजर छपराला लावली आणि म्हणाले, “कुर्ली चिखलातून बाहेर आली. कुर्ली चिखलातून बाहेर आली.” श्रीवर्धनहून आलेली, माणगावमार्गे पनवेलला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे, हे ज्या आवाजात सांगायचे, अगदी त्याच आवाजात. कुठे चढ नाही, उतार नाही, आणि प्रत्येक वाक्य दोनदा. बिळात पाणी शिरलं, पिल्लू वाहून गेलं, तरी चाचांचा आवाज फलाटावरून हलेना. मी मोरीत बसून तोंडात पदर कोंबून हसत होते. डोळे पुसत बाहेर आले, तर सई कॉटखालून अर्धी बाहेर आली होती. कानांवर हात नव्हते.

मग ते रोजचंच झालं. पाच वाजले, की चाचा यायचे, पडवीतल्या स्टुलावर बसायचे, टक टक करायचे. सई त्यांच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून. मी चिडवायचे, “चाचा, जरा भाव आणा की आवाजात.” ते म्हणायचे, “भाव आणला तर पॅसेंजरांची गाडी चुकते.” असेच काही महिने गेले आणि एकदा एक वाक्य वाचून झाल्यावर त्यांना ठसका लागला. तेच वाक्य दुसऱ्यांदा आलं, पण भिंतीकडून. सईने म्हटलं होतं, स्पष्ट, शेवटपर्यंत. मी हातातली पळी घेऊन दारातच उभी राहिले. चाचांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घोटभर पाणी प्यायले आणि पुढचं वाक्य वाचून गप्प राहिले. तेही तिने म्हटलं. त्या दिवसापासून पहिली पाळी त्यांची, दुसरी सईची. मी नंतर विचारलं, तर म्हणाले, “ती म्हनते ना? मग मी परत कशाला म्हनू?”

पुढच्या वर्षी नात्यातल्या एका लग्नात बँड सुरू झाला. आता सई जमिनीवर लोळण घेणार म्हणून मी पदर खोचून तयार होते. तिने माझा हात ओढला आणि म्हणाली, “कुर्ली दमली.” पुस्तकातलंच वाक्य, चाचांच्याच आवाजात. पण दमली होती सई, आणि ते तिने मला सांगितलं होतं, जन्मात पहिल्यांदा. मी तिला उचलून बाहेर आणलं आणि मांडवामागे चपलांच्या ढिगाशेजारी बसून रडले. घरी येऊन चाचांना सांगितलं. “दमली तर सांगनारच ना,” एवढंच म्हणाले, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

चाचा वारल्यावर सई रोज पाच वाजता पुस्तक मांडीवर घेऊन स्टुलाशेजारी बसायची. मी वाचलं, तर भिंतीकडून काही यायचं नाही. घरातही तिचं बोलणं आटत चाललं, “कुर्ली दमली”सुद्धा ऐकू येईना. मला दुःख होतं, पण त्याहून जास्त भीती वाटत होती… शब्द चाचांबरोबर आले होते, ते त्यांच्याबरोबरच जाणार की काय? थेरपीच्या बाई म्हणाल्या, थांबा. थांबणं मला कधीच जमलेलं नाही.

गेल्या आठवड्यात पाच वाजता मी पडवीत लसूण सोलत होते. सई आली आणि आपल्या जागेवर न बसता स्टुलावर बसली. पुठ्ठ्यावर बोटाने टक टक केलं. छपराकडे बघून म्हणाली, “कुर्ली चिखलातून बाहेर आली.” आणि गप्प झाली. मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. तीही वाट बघत होती… दुसरी पाळी माझी होती, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं. मी म्हणायला गेले, तर आवाजाला चढ-उतार आले. सईने पान उलटलं नाही. पुन्हा टक टक केलं. मी डोळे पुसले, नजर छपराला लावली आणि चाचा म्हणायचे तसं, एकही शब्द वरखाली न करता म्हटलं, “कुर्ली चिखलातून बाहेर आली.”

सईने पान उलटलं.