ताहेर मिस्त्रीचं थंड इंजन

परतवाड्याचा ताहेर मिस्त्री म्हणजे नुसती आग. कोणी पाना चुकीचा दिला तर तोच पाना त्याच्या पाठीत घालायचा. पण इंजिनाचं दुखणं त्याच्याइतकं अख्ख्या वऱ्हाडात कोणाला कळत नसे. म्हणून शिव्या खाऊनही लोक अमरावती-अकोल्याहून ट्रक त्याच्याच दारी आणत.

त्रेसष्ट सालच्या पौषात, सकाळी, सहदेवराव लाकूडवाल्याचा ट्रक अकोल्याहून आला. ड्रायव्हर देवमन खाली उतरला तो मालकाची लाथ खाऊनच. दोघा हमालांनी त्याला मडगार्डवर पालथा दाबला आणि त्याचा उजवा हात ताणून धरला. सहदेवरावानं चाक उतरवायची लोखंडी टामी उचलली.

"दोन मयने झाले, गाडी डबल डिझल पिऊन राह्यली. डिझल कोठी इकतं ते सांग, नाईतं हात मोडतो!"

"नाई मालक! इंजन गरमच होत नाई. मिस्त्रीले इचारा!"

खरंच होतं ते. दिवाळीनंतर देवमन दोनदा हेच सांगायला आला होता. ताहेरनं त्याला हुसकून लावलं होतं, "अबे, गाडी ठंडी चालते म्हनून रडते का कोनी?"

"थांबा!" ताहेर गुरकावला. "पयले मले पाहू द्या."

इंजिनाच्या तापमानाचा काटा पार खाली. काटा खोटा असेल म्हणून त्यानं रेडिएटरचं झाकण काढून बोट बुडवलं. एवढ्या मैलांची रपेट, आणि पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं कोमट! धूर पांढरा, ऑइल मोजायच्या दांडीला डिझेलचा वास. थंड इंजिनात डिझेल पुरतं जळतच नव्हतं. त्यानं घाईघाईनं थर्मोस्टॅटचं झाकण खोललं.

आत काहीच नव्हतं. पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवणारी ती झडप वैशाखात त्यानंच काढली होती. उन्हाळ्यात गाड्या उकळत, म्हणून सगळेच मिस्त्री काढत आणि थंडी पडली की परत बसवत. ताहेर साफ विसरला होता.

आता बोललं तर साऱ्या परतवाड्यात अब्रू जाईल, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. देवमन मान वळवून त्याच्याकडेच पाहत होता. ताहेरनं नजर खाली घातली.

मिस्त्रीला दोष सापडला नाही म्हणजे ड्रायव्हरच चोर, असं धरून सहदेवरावानं टामी हातावर हाणली. काडकन हाड मोडलं आणि देवमन असा ओरडला की रस्त्यावरचे बैल बुजले.

"थांब हरामखोर! चूक माही हाय!" ताहेर धावला आणि त्यानं सहदेवरावाच्या तोंडावर ठोसा हाणला. मालक धुळीत पडला, उठला, ओठावरचं रक्त पुसलं. "मंग अगुदर सांगाचं ना बे," म्हणाला आणि हमालांना घेऊन निघूनही गेला. मेल्याला ना खंत, ना खेद!

देवमन चाकाला टेकून बसला होता. मनगट भलतीकडेच वळलेलं. "झाकन खोललं तवाच तुमाले समजलं होतं, मिस्त्री. म्या पायलं."

ताहेरनं टामी उचलून त्याच्या डाव्या हातात दिली. देवमननं होतं नव्हतं ते बळ लावून ती ताहेरच्या तोंडावर हाणली. दोन दात रक्तासकट मातीत पडले.

"आनखी मार," ताहेर तोंड धरून म्हणाला.

देवमननं टामी फेकून दिली अन् लेकरासारखा रडायला लागला. "तुमाले मारून काय करू? आता स्टेरिंग कोन्त्या हातानं धरू, ते सांगा."