भाऊचं रक्त

रनाळ्याहून नंदुरबार स्टेशनापर्यंत मोठ्या भावाने, भाऊने, मला बैलगाडीतून आणले. वडिलांनी, म्हणजे आबांनी, घरातूनच पाठ फिरवली होती. मुलीने शिकायला मुंबईला जावे हे त्यांना पटले नव्हते. सुरतेकडची गाडी आली तेव्हा भाऊ एवढेच म्हणाला, "आबासनं मी देखी लिसू. तू शिक."

मी शिकले आणि मुंबईत एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लागले. भाऊ शेती सांभाळून नंदुरबारच्या जिनमध्ये, सरकी काढायच्या यंत्रावर जाऊ लागला. मी हॉस्टेलच्या आमटीला सरावले. अहिराणी सुट्टीपुरती उरली.

साठचे दशक सरत आले तेव्हा भाऊला चाळिशीच्या आतच दम लागू लागला. बिडी त्याने कधी ओढली नव्हती. एक्स-रेत क्षय निघाला नाही. त्याच सुमारास एक नवी माहिती आमच्या प्रयोगशाळेपर्यंत पोचली होती: काहींच्या रक्तात एक प्रथिन जन्मतःच कमी असते, म्हणून त्यांची फुप्फुसे ऐन उमेदीत झिजतात. हा दोष मुलांकडेही जाऊ शकतो. त्यावर औषध नव्हते.

भाऊला मी मुंबईला बोलावले आणि त्याचे रक्त स्वतः काढले. कागदाच्या पट्टीवर सीरमचा थेंब ठेवून वीज सोडली की प्रथिने वेगवेगळी सरकतात. रंग दिला की त्यांचे पट्टे दिसतात. शेजारी मी माझेही रक्त लावले. त्याचा दोष माझ्यातही असू शकत होता.

त्या प्रथिनाचा पट्टा दोघांचाही ठसठशीत उमटला.

"तुन्हा रंगतमा खोट नही शे, भाऊ," मी अडखळत सांगितले.

"मंग मन्हा पोऱ्यासले भ्याव नही ना?" त्याने विचारले. स्वतःचे काही विचारलेच नाही.

रक्त निर्दोष ठरल्यावर डॉक्टरांचा संशय कापसाच्या धुळीवर गेला. भाऊने जिन सोडली. दम गेला नाही, पण वाढायचा थांबला.

मी मुंबईतच राहिले. गावी राहिलेले लोक विचारतात, आता घर कुठले म्हणायचे? खोली मुंबईत आहे. रनाळ्यात माझ्या नावावर काही नाही. पण एसटीतून उतरले की भाऊ थांब्यावर उभा असतो. त्याच्या दमाने आम्ही चालतो. तो थांबला की मी थांबते. दारापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि मला घाई नसते.